कॅमेऱ्याचं वय

कुयो, १४ नोव्हेंबर २०१६

प्रिय सेओ,

तुझी ख्यालीखुशाली शेवटी विचारते, आधी माझं काम. तू तिथे मनिलात दिवसभर कॅमेरे उघडतोस आणि मिटतोस, तर मला एका प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच दे. हा मेमरी कार्डवाला कॅमेरा म्हातारा होतो का? बटणं झिजतात, पट्टा तुटतो, ते मला कळतं. मी फोटोबद्दल विचारतेय. दहा वर्षांपूर्वी काढायचा तसा फोटो आज काढेनासा होतो का?

कारण माझा काढेनासा झालाय. गेल्या रविवारी फाबेयांच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. फोटो द्यायला गेले तर आजीबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "पेर्पेतुआ, हे आमचं बाळ की दुधात भिजवलेला पाव?" सगळे हसले, मीही हसले. दुकानात येऊन दिवा लावून पाहिलं. म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. चेहरा पांढराफट्ट, मागे भिंतीवर काळी सावली, डोळ्यांत जीव नाही.

मग काल शाळेच्या मुख्याध्यापिका विल्यारोसा बाई रस्त्यात भेटल्या. आडून आडून म्हणाल्या की यंदा शेवटच्या वर्गाचे काळ्या झग्यातले फोटो धक्क्याजवळच्या जोमारला द्यावेत असं पालकांचं मत आहे. "तुमचा कॅमेरा आता थकला असेल हो," म्हणाल्या. ह्याच बाईचा शाळा सोडतानाचा फोटो मी काढलाय, पुढचे दात दिसू न देता! बावीस वर्षं ह्या गावची पोरं माझ्या स्टुलावर बसून शाळेतून बाहेर पडली.

जोमार तसा वाईट नाही. भेटला की मानाने माझा हात घेऊन कपाळाला लावतो, त्यामुळे त्याचा धड रागही करता येत नाही.

फोन करत नाही, कारण माझं वाक्य तुझ्यापर्यंत पोचायच्या आत इथला टॉवर झोपी जातो. पत्रच लिही. सोबत काजू पाठवलेत, सगळे एकट्याने खाऊ नकोस.

तुझी तीता पेर्पेतुआ

ता.क. तुझं काय चाललंय?


इदाल्गो स्ट्रीट, क्यापो, मनिला
२ डिसेंबर २०१६

प्रिय तीता,

काजू दुकानात पोचल्या पोचल्या संपले. मला अकरा मिळाले.

हो किंवा नाही असं विचारलंस, तर नाही. कॅमेऱ्याच्या आत लेन्सच्या मागे एक छोटी पट्टी असते, तिच्यात लाखो बारीक कप्पे असतात. प्रकाश पडला की प्रत्येक कप्पा आपल्या वाट्याला किती आला ते सांगतो, आणि त्या सगळ्यांचं मिळून चित्र होतं. दहा वर्षांत त्यातले चार-दोन कप्पे बिघडतात. मिट्ट काळोखातही 'लाल, लाल' म्हणून ओरडत राहतात. पण उरलेले लाखो पहिल्या दिवशीसारखंच काम करतात. पट्टी जुनी झाली म्हणून फोटो पुसट झाला, असं मी अजून तरी पाहिलेलं नाही.

बाकीचं बिघडू शकतं. तिथल्या खाऱ्या दमट हवेत लेन्सला आतून बुरशी धरते. लेन्स काढ, मागून टॉर्च मार, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का बघ. मागचा छोटा पडदा पिवळा पडतो, आणि मग चांगला फोटोही त्यावर वाईट दिसतो. फोकस पुढेमागे सरकतो. आणि एक गोष्ट कॅमेऱ्याच्या बाहेरची: लोक आता मोबाइलवर इतके चकचकीत चेहरे बघतात की त्यांना खरा चेहराच मळका वाटायला लागलाय.

आता एक सांगतो, रागावू नकोस. माझ्या टेबलापाशी रोज एक तरी गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, कॅमेरा पुसट झाला. मी तपासतो, कॅमेरा ठणठणीत असतो. मग मी तो फडक्याने पुसून परत देतो आणि शेजारच्या चष्म्याच्या दुकानाकडे बोट दाखवतो. दहातले सात जण परत येत नाहीत. तुला यंदा त्रेसष्ट पूर्ण झाली ना? मोतीबिंदू हळूच येतो म्हणतात. एकदा दाखवून घे, एवढंच.

मी बरा आहे. काम भरपूर. नाताळला येणं जमेलसं वाटत नाही.

तुझा
सेओ


कुयो, १९ डिसेंबर २०१६

सेओ,

तू माझ्या बहिणीचा मुलगा आहेस आणि बाराव्या वर्षापासून माझ्या हातचं खाऊन वाढलास, म्हणून हे पत्र शिवी न देता सुरू करतेय.

डोळे दाखवले. इलोइलोहून डॉक्टरांची तुकडी आली होती, शाळेच्या व्हरांड्यात तपासत होती. मी सगळ्यात खालची ओळ वाचली, आणि वर डॉक्टरीणबाईंना सांगितलं की तुमचा तक्ता डावीकडे कललाय. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि सरळ केला. मोतीबिंदू नाही. जवळचं वाचायला चष्मा आहे तोच पुरे. बासिलिसा रांगेत माझ्या मागे होती. माझी ही नणंद तुला ठाऊक आहेच, बाजारात मासे विकताना तिचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू येतो. ती सगळ्यांदेखत ओरडली, "पेर्पेतुआला सगळं दिसतं, फक्त भाच्याचं तोंड दिसत नाही, चार वर्षं झाली!" 

लेन्समागून टॉर्च मारला. जाळं नाही, बुरशी नाही, आत एक मुंगी होती ती चालत निघून गेली.

मग मी तुझ्यासारखी तपासणी करायचं ठरवलं. कॅमेरा आला तो २००६ चा डिसेंबर होता. तुझा तीतो आन्सेल्मो मला चर्चच्या कोटाकडे घेऊन गेला होता. म्हणाला, "पहिला फोटो दगडी भिंतीचा काढ. भिंत हलत नाही, डोळे मिटत नाही आणि पैसे कमी करा म्हणत नाही." ती भिंत जागेवरच आहे. मी त्याच बदामाच्या झाडाखाली, दुपारी चार वाजता, त्याच लेन्सने तिचा पुन्हा फोटो काढला. ऊनही डिसेंबरचंच. जुना फोटो डिस्कवर आहे, नवा कार्डवर. दोन्ही पाठवतेय. बरोबर खोक्यात दहा वर्षांच्या सगळ्या डिस्का आहेत. काही उघडणार नाहीत, पावसाळ्यात त्यांना घाम फुटतो. तुला फोटो कधीपासून बिघडलेत ते शोधायचं असेल तर शोध. मला तारीख सांगता येत नाही. केस कधी पांढरे झाले ते जसं सांगता येत नाही, तसंच.

विल्यारोसा बाई जानेवारीच्या अखेरीस ठरवणार आहेत. तुला जमत नसेल तर तसं कळव. आणि कॅमेराच गेलेला असला तर तेही सरळ सांग. तिथे त्याला गिऱ्हाईक मिळत असेल तर पाठवून देईन.

नाताळच्या शुभेच्छा. तू येणार नाहीस हे गृहीत धरलं होतं.

पेर्पेतुआ


क्यापो, मनिला
८ जानेवारी २०१७

प्रिय तीता,

आधी माफी. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी मान्य करतो आणि दुकानातल्या सगळ्यांना सांगितलंय.

आता निकाल. दोन्ही भिंती मी एकमेकींशेजारी ठेवल्या आणि इतक्या मोठ्या केल्या की एकेका दगडावरचं शेवाळ मोजता यावं. दहा वर्षांत भिंतीचा एक कोपरा ढासळलाय, एक फट रुंद झाली आहे आणि त्यात आता नेचा उगवलाय. कॅमेरा मात्र होता तसा आहे. तीच धार, तेच रंग. नव्या फोटोत वरच्या बाजूला तीन लाल ठिपके आहेत, टाचणीच्या टोकापेक्षा बारीक. म्हाताऱ्या माणसाच्या गालावर तीळ येतात तेवढं त्याचं वय झालंय. तुझा कॅमेरा निर्दोष आहे.

म्हणजे कोडं सुटलं नाही. म्हणून मी डिस्का घेऊन बसलो. पन्नासेक उघडल्या. दोन रविवार गेले.

तीता, फोटो हळूहळू बिघडलेले नाहीत. २०१३ च्या मार्चपर्यंत एकही वाईट नाही. एप्रिलपासून सगळे बाप्तिस्म्याच्या बाळासारखे.

मग मी आधीच्या फोटोंत काय आहे ते पाहिलं. पहिली गोष्ट, त्यांत कुणीही तुझ्याकडे बघत नाही! नवऱ्या मुली, शाळेची पोरं, दात पडलेले आजोबा, सगळे लेन्सच्या किंचित डावीकडे बघतायत आणि हसू आवरतायत. दुसरी गोष्ट, उजेडही त्याच बाजूने येतो, अगदी मऊ. एप्रिलनंतर उजेड कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा, सरळ तोंडावर मारलेला.

लोर्देसच्या धाकटीचं लग्न आठवतं? मे २००९. तिचा चेहरा जवळून घेतलेला आहे. मी तिचा डावा डोळा मोठा केला. बुबुळात पांढरा चौकोन दिसला. आधी वाटलं, खिडकी. आणखी मोठा केला. ती खिडकी नव्हती, चादर होती. आणि चादरीच्या वरच्या कडेला एक डोकं होतं, तिरप्या टोपीचं, आणि दोन्ही बाजूंना चादर ताणून धरलेले हात.

मी खुर्चीवरून उठलो आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

परत येऊन इतरांचे डोळे पाहिले. मुख्याध्यापिकांच्या मुलीच्या डोळ्यात तीतो आन्सेल्मो आहेत. पोस्टमास्तरांच्या डोळ्यात आहेत. फाबेयांच्या थोरल्या नातवाच्या दोन्ही डोळ्यांत आहेत, एकेकात एक. आपल्याकडे त्यांचा ओळखपत्रावरचा एकच फोटो आहे असं तू म्हणायचीस. ह्या खोक्यात ते काही हजार वेळा असतील.

एकवीस डोळे मोठे करून छापले आहेत. जोडतोय. फार स्पष्ट नाहीत, पण ओळखू येतात.

सेओ


कुयो, २५ जानेवारी २०१७

प्रिय सेओ,

पाकीट बाजारात मिळालं, म्हणून बासिलिसाच्या टोपल्यांपाशीच उघडलं. तिने हात पुसले, पहिला फोटो उन्हाकडे धरला आणि म्हणाली, "हा आपला आन्सेल्मोच. टोपी बघ. मेला तरी सरळ घालायला शिकला नाही." पुढचा तिने पाहिला, त्याच्या पुढचाही पाहिला. मग आम्ही दोघी मिठाच्या पोत्यांवर बसून राहिलो. माशांवर माश्या बसत होत्या आणि ती हाकलत नव्हती. बासिलिसाने माश्या हाकलल्या नाहीत, म्हणजे तूच समज.

मला वाटायचं, त्याचं काम म्हणजे दारातला उजेड तोंडावर वळवायला नुसती चादर धरणं. स्टुलावरच्या माणसाला तो हळूच काहीबाही सांगायचा आणि मी ओरडायचे, "गप बस ना, त्यांचं लक्ष उडतंय!" तो म्हणायचा, "बरं बाई." आणि मी बटणाकडे पाहिलं की पुन्हा सुरू. काय सांगायचा कोण जाणे. मी कधी ऐकलंच नाही, मी मोजमापं बघत असायचे. फोटो माझे, असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचे.

तो गेल्यावर चादर धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी फ्लॅश लावला. इतकं साधं आहे हे, आणि मी कॅमेऱ्याला दोष देत होते. चादरीचं काय केलं विचारशील. धुऊन पलंगावर घातली. चार वर्षं मी त्याच चादरीवर झोपतेय.

आता एक गोष्ट सांगते, जी तुझ्यापासून लपवली होती. मी स्टुडिओ बंद करणार होते. पाटी उतरवून ठेवली होती. जागा मोबाइलचं रिचार्ज विकणाऱ्या बाईला द्यायचं बोलणंही झालं होतं. कॅमेरा म्हातारा झाला असं तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला, म्हणजे बंद करायला कारण मिळालं असतं. मी नव्हे, कॅमेरा थकला, असं गावाला सांगता आलं असतं. तू नाही म्हणालास, आणि माझी पंचाईत केलीस.

मी माझं सांगितलं, आता तुझं. तू लिहिलं होतंस की वादळ होतं, बोटी बंद होत्या, म्हणून तीतोला शेवटचं बघायला येता आलं नाही. सेओ, मार्च महिना होता. मार्चमध्ये इथला समुद्र परातीतल्या पाण्यासारखा असतो. बोट आली होती. मनिलाहून शवपेटीवरची फुलं त्याच बोटीने आली. तुझं पत्र आलं तेव्हा ती फुलं सुकलीही नव्हती. मी पत्र वाचलं, घडी घालून ठेवलं आणि कुणाला काही बोलले नाही. बासिलिसाला बोटींचं वेळापत्रक पाठ असतं, तिलाही बोलू दिलं नाही. नऊ दिवस प्रार्थनेला माणसं येत होती आणि नऊही दिवस मी तुझं ताट वाढून ठेवत होते.

मी रागावलेली नाही. तेव्हा होते. आता फक्त माहीत करून घ्यायचंय.

तुझी तीता


क्यापो, ३ फेब्रुवारी २०१७

प्रिय तीता,

तुला माहीत होतं. चार वर्षं तू मला काजू पाठवत होतीस आणि तुला माहीत होतं.

लिहितो. तीतो गेले त्याच्या दोन महिने आधी त्यांचं मला पत्र आलं होतं. तुला न सांगता लिहिलं होतं. त्यात होतं की छातीत दुखतं, पेर्पेतुआला सांगू नकोस, आणि स्टुडिओ तुझाच आहे, परत ये. मला इथे नुकतंच स्वतःचं टेबल मिळालं होतं. परत यायचं नव्हतं. 'नाही' लिहायला हात होईना आणि 'हो' खोटं झालं असतं. म्हणून मी काहीच लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात लिहू, असं आठ आठवडे म्हणालो.

मग निरोप आला. मी तिकीट काढलं. धक्क्यावर पिशवी घेऊन उभा होतो. माझ्यासमोर ती फुलं चढवली. भोंगा झाला. मी मनात म्हणत होतो, शवपेटीपाशी उभं राहून काय सांगू त्यांना? तुमचं पत्र मिळालं, असं? फळी ओढून घेतली तरी मी तिथेच होतो. नंतर दुकानात आलो आणि संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी कॅमेरा दुरुस्त करत बसलो. वादळाचं त्या दिवशीच लिहिलं. वादळ फिलिपिन्समध्ये कुठेतरी असतंच, असं वाटलं असावं.

त्यांच्या छातीत दुखत होतं हे मला माहीत होतं, आणि मी तुला कळवलं नाही. हे सगळ्यात वाईट. आता तुला रागावायचं असेल तर रागाव.

शाळेचे फोटो कधी आहेत? मला चादर धरता येते. तीतोंनीच शिकवलं होतं, तू दुकानात नसताना. येऊ का? पत्राने नको सांगूस, वेळ जाईल. एक शब्द मोबाइलवर पाठव, तेवढा पोचतो.

सेओ


क्यापो, ६ मार्च २०१७

प्रिय तीता,

तुझा तो एक शब्द मी अजून पुसलेला नाही. 'ये' लिहायच्या आधी तू अकरा दिवस घेतलेस. त्या अकरा दिवसांत मी तीन लेन्स उलट्या बसवल्या.

सुखरूप पोचलो. मुरवलेल्या माशांची बरणी बोटीत फुटली. माझ्या शेजारच्या बाईंनी जागा बदलली आणि कपड्यांना अजून वास येतोय.

तिथे असताना तोंडाने बोलता आलं नाही, म्हणून इथून लिहितो. पहिल्या दिवशी तू मला कबरीपाशी नेऊन सोडलंस आणि "मी मेणबत्त्या आणते" म्हणून निघून गेलीस. मेणबत्त्या तुझ्या पिशवीत होत्या, मला दिसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, पत्र मिळालं होतं. आणखीही सांगितलं. तू तासाभराने आलीस आणि काही विचारलं नाहीस. नंतर रात्रीच्या जेवणाला मासा वाढताना म्हणालीस, "छातीचं मलाही माहीत होतं. झोपेत हात कुठे ठेवायचा ते बायकोला दिसत नाही का? इलोइलोला चल म्हणून मी किती भांडले त्याच्याशी. त्यानेच ऐकलं नाही." आणि वर म्हणालीस, "खा, काटे बघून." चार वर्षं मी जे उरावर घेऊन हिंडलो, ते तू एका वाक्यात उतरवलंस. तेव्हा मी आभार मानायच्या ऐवजी भात मागितला. आता मानतो.

विल्यारोसा बाईंनी निम्मे वर्ग तुला आणि निम्मे जोमारला दिले, ते योग्यच झालं. पण माझी फजिती तू गावभर सांगू नकोस. मी चादर बरोबर धरली होती! कोन बरोबर होता, उजेड बरोबर होता. पण माझे विनोद ऐकून पोरं अशी बघत होती की जणू मी त्यांची परीक्षा घेतोय. तेवढ्यात मासे द्यायला बासिलिसा दारात आली नसती तर त्या वर्गाचे सगळे फोटो शोकसभेचे निघाले असते. "काय रे, झग्यात माणूस आहे की वाळत घातलेला बांगडा?" एवढंच ती म्हणाली, आणि पहिला पोरगा हसता हसता स्टुलावरून खाली आला. मग माझ्या हातातली चादर तिने कधी घेतली ते मलाच कळलं नाही. मला म्हणाली, "तू बाजूला हो, तुझ्यात माझ्या भावाचा हात आहे, तोंड नाही."

फोटो पाहिले. तीन लाल ठिपके तिथेच आहेत, छापायच्या आधी पुसून टाकत जा, कसं ते दाखवलंय. बाकी मला काही सुधारायचं सापडलं नाही.

ऑगस्टमध्ये गावच्या जत्रेला येतो. हे वचन आहे. वादळ आलं तरी.

तुझा सेओ


कुयो, २ एप्रिल २०१७

प्रिय सेओ,

तुझी फजिती मी कुणाला सांगितली नाही. बासिलिसाने सगळ्यांना सांगितली.

ती आता रोज मासे संपले की अकराच्या सुमाराला येते. आधी साबणाने हात धुवायला लावते, तरी चादरीला वास येतोच. स्टुलावर बसणाऱ्याला आधी नाक मुरडावं लागतं आणि मग हसू येतं. क्रम हाच. ती काय बोलते ते मी ह्या वेळी ऐकते. निम्मं लिहिण्यासारखं नाही. परवा पाद्रीबाबा ओळखपत्राच्या फोटोला आले होते, त्यांना जे म्हणाली त्याबद्दल तिने रविवारी कबुली द्यायला हवी. पण द्यायची त्यांच्यापाशीच, म्हणून अडलंय.

पलंगावर नवी चादर आणली. फुलांची आहे.

जोमार आला होता. माझा हात कपाळाला लावून म्हणाला, "तीता, तुमच्या फोटोंत डोळे चमकतात, माझ्यात नाही चमकत. कोणता कॅमेरा घेऊ?" मी त्याला हातात कापड देऊन दरवाज्यापाशी उभं केलं आणि शिकवलं. बासिलिसा माझ्यावर चिडली. मी म्हटलं, गाव मोठं आहे. ती म्हणाली, गाव मुळीच मोठं नाही. ते खरंच आहे.

कालची गोष्ट सांगते आणि थांबते. पुरिफिकासियोन आणि तिचा नवरा तिबुर्सियो, दोघंही सत्तरीच्या पुढचे, ज्येष्ठ नागरिकांच्या कार्डासाठी फोटो काढायला आले. आले एकाच वेळी, पण रस्त्याच्या दोन बाजूंनी. छपराला हिरवा रंग द्यायचा की लाल, ह्यावरून नाताळपासून एकमेकांशी बोलत नाहीत. अर्धं छप्पर लाल झालंय आणि शिडी तशीच उभी आहे, सगळं गाव येता-जाता बघतं. ती स्टुलावर बसली, तो मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून. मी फोकस लावत होते. बासिलिसाने चादर उचलली आणि पुरिफिकासियोनला विचारलं, "काय गं, छपराखाली झोपतेस की छपराचा रंग बघत वर झोपतेस?"

पुरिफिकासियोनने ओठ घट्ट मिटले. मागून तिबुर्सियोच तोंडातल्या तोंडात म्हणाला, "घोरते इतकी, की रंग आपोआप पडेल."

मला वाटलं, आता हिच्या हातातला पंखा त्याच्या डोक्यात बसणार. ती वळलीसुद्धा. पण वळता वळता तिला हसू फुटलं, आणि ते बघून त्यालाही. दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी बटण दाबलं.

तो फोटो कार्डाला चालणार नाही. दोन माणसं आहेत आणि एकही समोर बघत नाही. मी म्हटलं, थांबा, नीट एकेकट्याचा काढते. पण ती दोघं तोवर बाहेर पडली होती, एकाच ट्रायसिकल-रिक्षात बसून, रंगावरून पुन्हा भांडत. आता मोठ्याने.

फोटो मोठा छापून ठेवलाय. न्यायला अजून आलेले नाहीत. मी निरोपही पाठवलेला नाही.

तुझी तीता पेर्पेतुआ